हेरिबेर्तोची डावी बाजू

नवऱ्याच्या फुफ्फुसातला कॅन्सर गेला म्हणून गेल्या वर्षी नोल्फानं अख्ख्या गल्लीला कोंबडीचा कासुएला रस्सा वाढला होता. आणि आता म्हणे, तो हेरिबेर्तोच्या मेंदूत जाऊन बसलाय!

"डोक्यात कसा गेला? छाती कुठं, डोकं कुठं?"

"रक्तातून जातो, नोल्फाबाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन गाठी आहेत, भोवती सूज आहे. सुजेचं औषध आजच सुरू. मग चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवायचा, डोकं हलू द्यायचं नाही, आणि नेमक्या गाठींवर किरणं सोडायची. गाडी मात्र आजपासून बंद."

हेरिबेर्तो उखडलाच. चिलीतल्या आन्तोफागास्ता शहरात शाळेच्या पोरांची पिवळी व्हॅन तो चालवायचा. पोरं सांभाळायला नोल्फा मागं बसायची. आत्ताही पोरांना शाळेत सोडून दोघं तशीच दवाखान्यात आली होती.

"दुपारी पोरं काय उडत घरी जातील? किरणं सुट्टीत बघू. जरा डोकं दुखतं, तेवढंच."

"आणि ताटात अर्धं टाकतो," नोल्फा म्हणाली. "डावीकडचं तसंच. मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली."

"ती गेलीच आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या डाव्या अंगाला बोटं नाचवली. "किती बोटं?"

"आधी हात तर वर करा!"

नोल्फाला ती नाचती बोटं दिसत होती. तरी ती नवऱ्याचीच बाजू घ्यायला गेली. "बाई, आजचा दिवस जाऊ द्या. उद्या बदली माणूस बघतो."

"तेच म्हणतो मी," हेरिबेर्तोला चेव आला. "गाडीत गर्दीपण नाही. ती मायते तर सोमवारपासून येतच नाही. ताप आला असेल पोरीला."

आज सकाळीच नोल्फानं मायतेला उचलून डावीकडच्या खिडकीशी बसवलं होतं, पट्टा लावला होता. पोरगी काचेला नाक लावून बसलेली. आणि गाडी भरधाव समुद्राकडं उतरत होती.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली. "मायते आज होती. रोज होती."

"थट्टा पुरे."

"तुझ्या आरशात होती रे ती!"

तो हसायला गेला, तिचं तोंड बघून थांबला. मग खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"पोरांच्या आयांना फोन लाव," तो म्हणाला. "खरं काय ते सांग. आणि बाई, मुखवट्याचं माप आजच घ्या."