रिकामी खोकी आणि भरलेला गल्ला

खिळे-स्क्रूच्या दुकानासमोर एवढी गर्दी झाली होती की पलीकडच्या फुटपाथवरची माणसंही टाचा उंचावून बघत होती. गल्लाबाबांनी डोळे मिटले, गल्ल्याला गुंडाळलेला काळा दोरा कात्रीनं कापला आणि ड्रॉवर ओढला. नोटा इतक्या ठासून भरलेल्या की वरच्या दोन-चार उडून खालीच पडल्या. दुकानदाराचे डोळे भरून आले. दोन वर्षं त्याचा माल धडाक्यानं खपत होता आणि गल्ल्यात मात्र खडखडाट होता.

“धनचोर पिशाच,” गल्लाबाबा म्हणाले. “दिवसभर झोपतं, तुम्ही हिशेबाला बसलात की जागं होतं. आता बांधलंय मी त्याला. मला काही नको. फक्त ह्यातला चौथा हिस्सा, तोही माझ्यासाठी नाही, दोऱ्यासाठी.”

“दोरा बराच महाग पडला,” सलूनवाले काका पुटपुटले.

“तुम्ही नका बोलू,” शेजारचा म्हणाला. “तुमचा गल्ला भरला नाही, कारण तुमची श्रद्धा पातळ. बाबाच म्हणाले.”

काकांनीही अगदी मनापासून बाबांचं व्रत केलं होतं, पण त्यांचा गल्ला होता तसाच राहिला होता.

त्या गर्दीत भिंगरी आईला चिकटून उभी होती. एका जागी स्थिर बसत नाही म्हणून घरी तिचं हे नाव पडलेलं. विद्यापीठात कंपन्यांचं वित्त व्यवस्थापन शिकायला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. आईचं चपला-बुटांचं दुकान ह्याच रस्त्यावर होतं आणि रोगही तोच होता: वर्षाअखेरीस कागदावर नफा, गल्ल्यात शून्य. म्हणून आईनंही व्रत धरलं होतं. तिचा दोरा पुढच्या रविवारी कापायचा होता.

व्रत तसं सोपं होतं. गल्ला काळ्या दोऱ्यानं बांधायचा आणि आलेले पैसे फटीतून आत टाकायचे. महिनाभर नवा माल दुकानात आणायचा नाही, कारण मालाबरोबर नवं पिशाच येतं. गल्ल्यातून कुणाला पैसे द्यायचे नाहीत. उधारीवर विकायचं नाही, आणि जुनी उधारी दारोदार फिरून गोळा करायची. बाबा तिला ‘भटकलेलं धन’ म्हणत.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी विचारलं, “एका कंपनीला यंदा भरपूर नफा झाला. तर कामगारांचे पगार द्यायला तिच्याकडे पैसे असतील का?”

“असणारच,” सगळ्यांच्या आधी भिंगरी म्हणाली.

“मग नफ्यातल्या कंपन्याही कधीकधी बुडतात, त्या कशा?”

भिंगरी वहीची पानं उलटू लागली. बाई हसल्या. “नफा कागदावर लिहिलेला असतो, पैसा मात्र कुठेतरी जाऊन बसलेला असतो. कधी गोदामात माल होऊन, कधी गिऱ्हाइकाकडे उधारी होऊन. धंदा रोज चालवायला असा जो पैसा फिरत राहतो, त्याला खेळतं भांडवल म्हणतात. सूत्र उद्या सांगते. आज एखाद्या दुकानात जा आणि तिथला पैसा कुठे बसलाय ते बघून या.”

भिंगरी थेट आईच्या दुकानात गेली. एक गिऱ्हाईक सात नंबरचा बूट मागत होतं.

“सात संपला हो. सहा आहे, आठ आहे.”

“म्हणजे एका पायात सहा घालू आणि दुसऱ्यात आठ? सरासरी सातच येईल,” म्हणत तो माणूस निघून गेला.

तेवढ्यात बुटांच्या कारखान्यातून फोन आला. मागच्या मालाचे पैसे कधी देता, असं विचारत होते. आई दबक्या आवाजात “रविवारनंतर बघते” म्हणाली. भिंगरीनं फळीवरचं एक खोकं उचललं. ते पिसासारखं हलकं होतं. दुसरंही तसंच.

“आई, ही रिकामी आहेत.”

“हो गं. फळ्या ओक्याबोक्या दिसतात, म्हणून मांडून ठेवलीत.”

भिंगरीनं खोकं परत ठेवून बाकीच्या फळ्या न्याहाळल्या. सगळ्यात वरच्या फळीवर तेवढे मागच्या वर्षीचे हिरवे सँडल खच्चून भरलेले होते. ते कुणीच घेत नव्हतं.

“आई, पिशाच वगैरे काही नाही. बाबांना पैसे देऊ नकोस. कारखान्याचं देणं कसं भागणार? शाळा उघडतील तेव्हा दुकानात बूटच नसतील.”

“दोन महिने शिकलीस आणि मला धंदा शिकवतेस? रविवारी गल्ला भरलेला निघाला की बोल.”

गल्ला भरलेला निघणार, हे तर भिंगरीलाही ठाऊक होतं. पंचाईत तीच होती. ती सलूनमध्ये गेली.

“काका, तुमच्याकडे विकायचा माल किती असतो?”

“माल? दोन कात्र्या, एक वस्तरा आणि मी.”

“आणि उधारी?”

“केसांची? पैसे नाही दिले तर काय, परत चिकटवू?”

भिंगरी हसत सुटली. काकांना वाटलं, पोरगी आपल्यालाच हसतेय.

रविवारी आईच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. दोरा कापला गेला, ड्रॉवर उघडला, नोटांनी तुडुंब. बाबांनी पिशवीचं तोंड मोकळं केलं.

“बाबा, एक शंका,” भिंगरी म्हणाली.

“विचार बाळ. शंका हेही एक पिशाचच.”

“मग सोडतेच त्याला. आपल्या रस्त्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशी रोखीनं काम करतात. त्यांनी व्रत केलं तर त्यांचा गल्ला भरणार नाही. पडदे-चादरीवाल्यांचा मात्र ओसंडून वाहील. मी हे आत्ताच सांगते, आणि मला मंत्र येत नाही.”

असं म्हणून तिनं फळीवरचं एक खोकं खिळेवाल्याकडे भिरकावलं. “झेला.”

त्यानं अंग सावरून दोन्ही हात पुढे केले आणि हलकंफुलकं खोकं हातात आल्यावर स्वतःच तोल जाऊन मागच्याच्या पायावर उभा राहिला. मग दुसरं खोकं, तिसरं. लोक उघडून बघू लागले.

“ह्यातले बूट कुठे गेले?” भिंगरीनं विचारलं.

“विकले गेले असतील,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“त्यांचे पैसे?”

माना गल्ल्याकडे वळल्या.

“नवे बूट आणायला जे पैसे गेले असते ते?”

“तेही तिथेच,” पडदेवाले म्हणाले.

“आणि कारखान्याचं देणं?”

खिळेवाल्याचा चेहरा पडला. “तेही तिथेच,” तो सावकाश म्हणाला. “माझ्याकडेही खिळे संपलेत. आणि काल माझ्या माल देणाऱ्यानं मला फोनवर झापलं.”

“फळ्या रिकाम्या केल्या म्हणून गल्ला भरला,” भिंगरी म्हणाली. “काकांकडे रिकामं करायला काही नव्हतंच.”

“म्हणजे माझी श्रद्धा पातळ नव्हती,” सलूनवाले काका म्हणाले. “माल पातळ होता.”

हशा पिकला. पण आई हसली नाही. “मग आधी गल्ला रिकामा का राहायचा?”

भिंगरीनं वरच्या फळीकडे बोट दाखवलं. “तुझा नफा तिथे बसलाय. हिरवा. आणि उरलेला उधारीवाल्यांच्या पायात फिरत होता, तो तू महिनाभर दारोदार जाऊन आणलास.”

बाबांनी आवाज चढवला. “माझा हिस्सा मिळाला नाही तर पिशाच मोकाट सुटेल. मग माझ्याकडे यायचं नाही.”

आईनं शांतपणे ड्रॉवर ढकलून बंद केला. “बाबा, व्रत चालू असताना गल्ल्यातून कुणालाच काही द्यायचं नाही, हा तुमचाच नियम ना?”

“अर्थात.”

“मग मी व्रत महिनाभर वाढवलं.”

“गुरूला हा नियम लागू नाही.”

“हे आधी नाही सांगितलंत,” खिळेवाला म्हणाला आणि दारात आडवा उभा राहिला. “माझा चौथा हिस्सा इथे ठेवा, मग जा.”

बाबांनी गर्दीकडे पाहिलं. आता कुणीच टाचा उंचावत नव्हतं, सगळे टाचा रोवून उभे होते. पिशवी उलटी झाली.

सोमवारी सकाळी आईनं आपलं ‘व्रत’ मोडून कारखान्याचं देणं चुकवलं, सात नंबरचे बूट मागवले आणि हिरव्या सँडलवर अर्ध्या किमतीची पाटी लावली. संध्याकाळी गल्ल्यात पुन्हा थोडेच पैसे होते. पण ते थोडे का आहेत आणि बाकीचे कुठे आहेत, हे आता तिला बोट ठेवून सांगता येत होतं. त्यानंतर तिला कुठल्याही पिशाचाची भीती वाटली नाही.

अशी जादू तुम्हालाही कुणीतरी दाखवेल. गल्ला नसेल तर दुसरं काही असेल. टाळ्या वाजवायची घाई करू नका. जे भरलेलं दिसतंय ते कुठून आलं, आणि जिथून आलं तिथे आता काय उरलं, एवढे दोनच प्रश्न विचारा. खऱ्याला त्यांचा त्रास होत नाही. ज्याला होतो, त्याची पिशवी आधी तपासा.