गाठीचा घाट

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चारशे खुर्च्या भरलेल्या, भिंतींना टेकून आणखी तेवढीच माणसं उभी, आणि झाडून सगळ्यांच्या माना मंचाकडे वळलेल्या. मंचावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत 'अंतर्यामी' बसले होते. खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. मनातलं ओळखतात म्हणून अंतर्यामी, एवढंच. समोर तिरक्या लाकडी चौकटीवर एक जाडजूड ग्रंथ उघडा ठेवला होता.

"क्रमांक एकशे सतरा," अंतर्यामींनी मधाळ आवाजात पुकारलं.

चष्मेवाले एक गृहस्थ धडपडत उभे राहिले.

"थोरल्या भावाशी बोलणं तोडलंत. गेल्या मंगळवारी. कठोर शब्द वापरलेत बाळ, फार कठोर."

गृहस्थ उभ्या उभ्या हुंदके द्यायला लागले. हॉलभर "अगं बाई!" आणि "काय ही दिव्यदृष्टी!" सुरू झालं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी तर डोळ्यांना रुमालच लावला. भाऊ कोणाचा, रडतंय कोण!

मागून तिसऱ्या रांगेत ताई बसल्या होत्या. एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो होत्या, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी पर्समधली वही आणि पेन्सिल काही सुटली नव्हती. कोणी मोठ्याने बोलायला लागलं की हात आपोआप लघुलिपीत चालायचा. त्यांचे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, बोललं ते लिहायचं. तुम्हाला कळलं ते लिहायचं नाही." ताईंनी ते आयुष्यभर पाळलं.

इथे त्या हौसेने आल्या नव्हत्या. धाकट्या बहिणीच्या सासूबाईंनी हट्ट धरला, म्हणून धाकटी आली, आणि धाकटीला एकटी कशी सोडायची म्हणून ताई आल्या. दारातच त्यांना खटकलं होतं. फोन बाहेर खिडकीवर जमा करायचा, एका कागदावर 'मान्य' लिहून सही करायची आणि टोकनच्या मागे फोनचं कुलूप उघडायचा आकडा लिहून द्यायचा.

"आकडा कशाला हवा?" ताईंनी विचारलं होतं.

"वाजला तर बंद करायला, माताजी. ध्यानात व्यत्यय येतो," खिडकीतला सेवक म्हणाला.

"मग मी आत्ताच बंद करून देते की!"

सेवकाने तोंड वाकडं केलं. ताईंनी आकडा दिला नाही. धाकटीने मात्र आठ दिवसांपूर्वी, नाव नोंदवायला आली तेव्हाच देऊन टाकला होता. सगळेच देत होते. सख्ख्या नवऱ्याला जो आकडा सांगत नाहीत, तो खिडकीतल्या अनोळखी माणसाला हसत हसत देत होते. काय म्हणावं या लोकांना!

"क्रमांक एकशे अठरा."

धाकटी उठली. शाळांचे गणवेश शिवणारी, दिवसाला बारा-बारा तास यंत्रावर वाकणारी ही बाई कधी कोणापुढे रडली नव्हती.

अंतर्यामींनी डोळे अर्धे मिटले. "उजवीकडे... घाट दिसतोय मला. हं. घाट आहे." थांबले. "डॉक्टर आहेत तिथे. सोमवारी तो घाट काढणार आहेत." पुन्हा थांबले. "घरात कोणाला बोलायचं नाही, असं ठरवलंयस तू."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "गाठ आहे हो, महाराज," ती भर सभेत बोलून गेली. "छातीत गाठ आहे!"

"गाठ!" अंतर्यामींनी शब्द झेलला. "तेच सांगतोय मी, मुली. गाठ! तिला लोखंड लावू देऊ नकोस. पातं टेकलं की ती खवळेल. रविवारी ये, मी लहरयंत्र देतो. एकवीस दिवस गळ्यात घाल, गाठ विरघळून जाईल."

आठशे माणसांच्या नजरा धाकटीच्या छातीवर खिळल्या. पुढच्या रांगेतली एक बाई वळून म्हणाली, "उजवीकडचीच का हो?" जणू भाजीचा भाव विचारतेय. जी गोष्ट धाकटीने नवऱ्यालाही सांगितली नव्हती, ती आता बाहेर चपला शोधणाऱ्या माणसांच्या तोंडी होती.

घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मी सोमवारी जाणार नाही."

"वेड लागलंय? डॉक्टर काय म्हणाले? वेळेत काढली तर काळजी नाही. वेळेत! हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, असं तूच मला सांगितलंस."

"पण यांना कळलं कसं? तुला सोडून मी कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं."

स्वयंपाकघरात सगळं ऐकलेल्या सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कळलं म्हणजे कळलं! आता शंका काढू नका ताई. माझी सून आहे, तिला कापू द्यायची नाही मी."

ताईंनी वही काढली, चष्मा लावला आणि अंतर्यामींचं बोलणं जसंच्या तसं वाचलं. 'घाट दिसतोय मला.' घाट. 'घाट आहे.' पुन्हा घाट. 'तो घाट काढणार आहेत.' तिसऱ्यांदाही घाटच. मग धाकटी म्हणाली 'गाठ', आणि त्यानंतर महाराजही 'गाठ'! कोर्टात असे पढवलेले साक्षीदार त्यांनी ढिगाने पाहिले होते. वकिलाने शब्द तोंडात घातला की मग तोच शब्द साक्षीदाराच्या तोंडून खणखणीत वाजतो.

"हा घाट का म्हणाला गं?" त्यांनी विचारलं.

"देवाची भाषा वेगळी असते," सासूबाई म्हणाल्या.

बोलाफुलाला गाठ पडली म्हणावं, तर इथे गाठच पडली नव्हती, घाट पडला होता. ताईंनी डोळे मिटले, आणि एकदम आठवलं. "फोन दाखव तुझा. तू मला कळवलंस तो मेसेज काढ."

धाकटीचे दोन्ही हात कापडात गुंतलेले असायचे, म्हणून ती मेसेज टाइप करत नसे, फोनशी बोलायची. आणि फोन त्याला वाटेल ते लिहायचा. बटणांची काजं झाली म्हटलं की 'बटणांची खाज झाली' लिहायचा, त्यावर बहिणी बहिणी हसून लोळायच्या. आताही पडद्यावर ते वाक्य होतं: 'ताई डॉक्टर म्हणाले उजवीकडे घाट आहे सोमवारी काढणार घरात कोणाला बोलू नकोस.'

"देवाला गाठ कळली असती," ताई हळूच म्हणाल्या. "घाट फक्त तुझ्या फोनला ठाऊक होता."

मग त्यांनी त्या मेसेजच्या अ‍ॅपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. धाकटीला अशी यादी असते हेच माहीत नव्हतं. यादीत एक संगणक होता. जोडल्याची तारीख आठ दिवसांपूर्वीची, गुरुवार, नाव नोंदवायला गेली त्या सकाळची. समोर लिहिलं होतं: 'आत्ता चालू.'

"म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"म्हणजे खिडकीत फोन दिलास, आकडा दिलास. त्याने फोन उघडला, आपल्या संगणकाला जोडला आणि परत दिला. तेव्हापासून तू लिहिलेलं प्रत्येक अक्षर तिकडे उमटतंय. आठ दिवसांनी नंबर लागतो ना? तेवढ्यात बसून वाचतात मेले. आत्तासुद्धा वाचतायत."

धाकटीने फोन गादीवर टाकून दिला आणि पदराने हात पुसले. पुसतच राहिली. नवऱ्याशी केलेलं भांडण, मुलीला पाठवलेले फोटो, सगळं तिला एकदम आठवलं असावं. शी! कोणी घरात शिरून कपाट उचकटलं असतं, तर निदान कुलूप तुटलेलं तरी दिसलं असतं.

सासूबाईंचं मात्र एकच पालुपद. "तुमच्या यंत्रातलं मला काही समजत नाही. महाराज खोटं बोलणार नाहीत."

"ठीक आहे काकू," ताई म्हणाल्या. "ते खोटं बोलतात का, हे तुमच्याच डोळ्यांनी बघा. धाकटे, ती जोडणी तोडू नकोस. जरा आणखी एक मेसेज बोल बघू."

रविवारी हॉल पुन्हा गच्च. यावेळी धाकटीचे सासरे, आप्पा, इतर लोकांबरोबर येऊन आधीच मागे बसले होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. ऐकायला कमी येई, पण तोंड शाबूत होतं. ताई सासूबाईंना घेऊन मंचाच्या अगदी जवळ जाऊन बसल्या. आज त्या शब्दांबरोबर डोळेही टिपत होत्या. अंतर्यामींनी तासाभरात ग्रंथाचं एकही पान उलटलं नव्हतं, पण बुबुळं मात्र डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे फिरत होती.

धाकटीचा नंबर आला.

"मुली, गाठीचं मूळ सापडलं," अंतर्यामी म्हणाले. आज शब्दात चूक नव्हती. "तुझे सासरे जाऊन पाच वर्षं झाली. त्यांचा आत्मा तृप्त नाही. तुझ्या शिवणयंत्राभोवती घुटमळतोय बिचारा. त्यानेच ही गाठ—"

"काय म्हणाला?" मागून आप्पांनी मोठ्याने विचारलं.

"तुम्ही मेलात म्हणतोय!" कोणीतरी त्यांच्या कानात ओरडलं.

"मी? सकाळी दोन चहा घेऊन आलोय की रे!"

हॉलमध्ये एकच खसखस पिकली. अंतर्यामी गडबडले. "आत्मा... आत्मा जिवंतपणीही देह सोडून..."

पण तोवर सासूबाई उठल्या होत्या. "माझ्या डोळ्यांदेखत माझ्या नवऱ्याला मारतोस?" म्हणत त्या मंचावर चढल्या, आणि त्यांच्या मागे ताई. ताईंनी ग्रंथ लोकांकडे फिरवला. पानं नव्हतीच. पुठ्ठ्याच्या चौकटीत पडदा चमकत होता, आणि त्यावर धाकटीचा तो नवा मेसेज जसाच्या तसा: 'सासरे जाऊन पाच वर्षं झाली आत्मा शिवणयंत्राभोवती घुटमळतो असं वाटतं.' खाली ओळीने पुढचे क्रमांक. प्रत्येकापुढे कोणाचं तरी घर उघडं पडलेलं.

"हे माझं आहे!" गर्दीतून एक मुलगी किंचाळली. "हे मी माझ्या मैत्रिणीला लिहिलंय!"

आता बघा हं, चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात. अंतर्यामींचा मधाळ आवाज कुठल्या कुठे गेला. कागदांचा गठ्ठा उंच धरून ते ओरडले, "सगळ्यांनी सही केलीय! मान्य म्हणून सही केलीय! कायद्याने तुम्ही माझं काही वाकडं करू शकत नाही!"

दिव्यदृष्टी संपली आणि कागद आले. ताईंना हसूही आलं आणि किळसही.

"लिहून घेतलं बरं का मी हे," त्या म्हणाल्या. "म्हणजे वाचत होतात, हे कबूल. आता माझं ऐका. फोन सांभाळायला दिला होता, वाचायला नाही. धोब्याकडे कपडे धुवायला दिले म्हणून त्याने ते घालून मिरवायचे नसतात. फसवून घेतलेली संमती ही संमती नव्हे, आणि असला कागद कोर्टात एक दिवस टिकायचा नाही. एकतीस वर्षं बघितलंय मी." मग त्या लोकांकडे वळल्या. "फोन घ्या आपापले. मेसेजच्या अ‍ॅपमध्ये जोडलेली उपकरणं बघा. अनोळखी संगणक दिसला की आधी त्याचा फोटो काढा, मग तोडा, आणि कुलपाचा आकडा बदला. मग चला माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात. तक्रार मी लिहिते."

आप्पांनी तोवर मंचाशेजारी ठेवलेल्या एका लहरयंत्राची डबी खिशातल्या पेचकसाने उघडली होती. आत एक निळा दिवा, एक सेल आणि वजन यावं म्हणून एक खडा. गाठ विरघळवणारा खडा!

तुम्हाला वाटेल, आठशेच्या आठशे माणसं ठाण्यावर धावली असतील. कशाची धावतात! सह्या केल्या अडतीस जणांनी. बाकीचे फोन घेऊन मुकाट घरी गेले, आणि ते चष्मेवाले गृहस्थ जाता जाता म्हणाले, "वाचून का होईना, पण सांगितलं तर खरंच ना त्यांनी?" अशा माणसापुढे काय डोकं आपटायचं? चोराने तुमच्याच घरातलं भांडं तुम्हाला दाखवलं, म्हणून त्याला भांड्यांचा जाणकार म्हणाल का?

एवढं साधं आहे. कोणी तुमच्या मनातलं सांगितलं, तर हात जोडण्याआधी विचारा: हे मी कुठे लिहिलं होतं, कोणाला बोललो होतो, आणि किल्ली कोणाच्या हातात दिली होती? फोन तुमचा, शरीर तुमचं, गुपितही तुमचं. 'मान्य' म्हणण्याआधी वाचा. आणि दुखणं असेल, तर डॉक्टरकडे जा. त्याला तुमचं मन ओळखता येत नाही. तो तपासून बघतो.

सोमवारी धाकटी गेली. इस्पितळाच्या बाकावर सासूबाई सुनेची पिशवी मांडीवर घेऊन सकाळपासून बसल्या होत्या. दुपारी ताईंचा फोन वाजला. धाकटी शुद्धीवर आली होती, आणि हात उचलायचा नव्हता म्हणून फोनशी बोलली होती.

'ताई घाट काढला. वेळेत आलात म्हणाले डॉक्टर. आईंना सांग रडू नका, भूक लागलीय.'

ताईंनी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. बोललं होतं ते नव्हे, लिहिलं होतं ते. सासूबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "घाट म्हणजे गाठच ना हो, ताई?"

"गाठच, काकू," ताई म्हणाल्या. "आता विचारून घेतलंत, हे बरं केलंत."