झोराच्या घराचा पत्ता

ही गोष्ट १९७१ सालातली आहे. मित्रांनो, तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि वहीच्या आयुष्यात अकरा वर्षे म्हणजे म्हातारपणच. मी एक जुनी वही आहे. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची, दोनशे पानांची. इटलीतल्या त्रिएस्ते शहरात बंदरामागच्या एका गल्लीत ओरेस्ते नावाच्या पुस्तकबांधणीवाल्याने मला शिवले. मी कुठल्याशा कचेरीत जायची होते, पण माझ्या रेघा जरा तिरक्या आल्या आणि मला परत पाठवण्यात आले. ओरेस्तेने मला खिडकीत ठेवले. तिथून नीवेसबाईने मला उचलले.

नीवेस विधवा होती. तिसऱ्या मजल्यावरच्या सहा खोल्या ती प्रवाशांना भाड्याने देई. येणारा प्रत्येक पाहुणा पेटी खाली ठेवायच्या आत विचारी, "बाई, इथे चांगलं जेवण कुठे मिळेल?" तेच ते सांगून तिचा घसा बसला, म्हणून ती लिहू लागली. पहिल्या पानावर तिने लिहिले, ‘जिथे मी स्वतः जेवले नाही, ते इथे नाही.’

दाराजवळच्या टेबलावर माझी जागा ठरली. तिथून मला हलवायचे नाही, असा नियम होता.

आमच्या गावात कॉफीला आमची आमची नावे आहेत. बाहेरचा माणूस कापुचिनो मागतो, समोर बोटभर पेला येतो आणि तो वेटरच्या तोंडाकडे बघत राहतो. म्हणून नाट्यगृहाजवळच्या कॉफीघराबद्दल नीवेसने लिहिले, ‘मोठा कप हवा असेल तर दुधाची कॉफी मागा. मालक एत्तोरेशी वाद घालू नका. चाळीस वर्षांत त्याला कोणी हरवलेले नाही.’ उकडलेल्या डुकराच्या मांसाच्या दुकानाबद्दल लिहिले, ‘उभ्याने खा. बसलात तर दुपार गेली. वर किसून घालतात ते मूळ दिसायला मुळ्यासारखे आहे, पण डोळ्यांतून पाणी काढते.’

पाहुण्यांनाही तिने एक काम लावले होते. जाताना प्रत्येकाने आपल्या शहरातली एक जागा लिहायची. आजारातून उठल्यावर पहिल्यांदा जिथे जाऊन जेवावेसे वाटेल, तीच. त्यामुळे माझ्या शेवटच्या पानांवर क्राकोचे सूप होते, पोर्तोची मासळी होती, ल्युब्लियानातल्या एका बाईच्या हातचा अक्रोडाचा केक होता. नीवेस स्वतः कधी कुठे गेली नाही. संध्याकाळी ती ती पाने वाचत बसे.

माझ्या सत्ताविसाव्या पानावर झोराचे घर होते, पण तिचे नाव नव्हते.

झोरा शहराच्या वरच्या खडकाळ पठारावर, वेगळी भाषा बोलणाऱ्या एका गावात राहत असे. चौदाव्या वर्षापासून ती दुधाच्या बरण्या घेऊन खाली शहरात येई आणि लहानगी नीवेस दार उघडून दूध घेई. तेव्हापासूनची मैत्री. आमच्याकडे मुलीला ‘मूला’ म्हणतात. तुम्हाला ते मुलाला हाक मारल्यासारखे वाटेल, पण साठीच्या या दोघी एकमेकींना तशीच हाक मारत.

पठारावरच्या शेतकऱ्यांना वर्षातून आठ दिवस आपल्या अंगणात आपली वाइन, आपली अंडी आणि आपले हॅम विकायची मुभा असते. ते दिवस आले की चौकात एका लाल बाणाला वेलीची हिरवी फांदी बांधतात. फांदी असेपर्यंत अंगण सगळ्यांचे. फांदी उतरली की संपले. म्हणून नीवेसने पत्ता दिलाच नव्हता. तिने लिहिले होते, ‘ट्रामने वर जा. शेवटच्या थांब्यावर उतरा. चौकात फांदी दिसली तर बाणाच्या दिशेने जा. काळसर लाल वाइन मागा. फांदी दिसली नाही तर आल्या पावली परत या. वरून समुद्र छान दिसतो.’

ग्राझचे लाइटगेबसाहेब दर सप्टेंबरात आमच्याकडे उतरत. जमीन मोजण्याच्या नोकरीतून ते निवृत्त झाले होते आणि नीवेस झोराकडून आणून ठेवी त्या हॅमवर त्यांचा फार जीव होता. त्या सप्टेंबरात त्यांनी माझे सत्ताविसावे पान वाचले आणि मान हलवली. "ही माहिती अपुरी आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग ते वर जाऊन घर शोधून आले आणि त्यांनी काळ्या शाईने खाली सगळे नीट भरले: गावाचे नाव, घराचा नंबर, थांब्यापासून तेराशे चाळीस पावले, आणि एक नकाशा. नकाशात उत्तर दिशाही दाखवली होती. त्यात दुष्टपणा काहीच नव्हता. आपल्या आवडत्या घराचे कोणी नुकसान करायला निघत नाही.

नोव्हेंबरात झोराचा नवरा आलोय्झ गेला. नीवेसला त्या आठवड्यात सणसणून ताप होता आणि ती आतल्या खोलीत झोपून होती. त्याच दिवसांत हॉलंडच्या तीन तरुण शिक्षिका आमच्याकडे उतरल्या होत्या. त्यांतली एल्स्के सर्वांत उत्साही. टेबलाशी कोणी नाही हे पाहून तिने मला सरळ आपल्या पिशवीत टाकले.

नकाशा अचूक होता. दुपारी आम्ही दारात पोचलो. अंगणात लांब टेबले मांडलेली होती. माणसे बसली होती, वाइन होती, अंडी होती. चार पुरुष हळू आवाजात गात होते. फाटकावर वेलीचे हिरवे चक्र अडकवले होते. आलोय्झला सकाळीच पुरले होते; त्या शोकचक्राची काळी फीत वाऱ्याने मागे गेली होती.

"हीच ती फांदी!" एल्स्के म्हणाली. "बघ, नंबरही तोच!"

तिघी शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. अर्ध्या गावाने त्यांच्याकडे पाहिले. उरलेल्या अर्ध्याने झोराकडे.

"काकू, अर्धा लिटर लाल!" एल्स्केने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितले. "आणि अंडी आहेत ना?"

"आहेत," झोरा म्हणाली.

तिचा दीर स्टांको उठला. "वहिनी, मी ह्यांना बाहेर घालवतो."

"खाली बस. आलेल्याला आज उपाशी घालवायचं नाही."

"अगं, हसतायत त्या!"

"त्यांना माहीत नाही. तू उठलास की कळेल."

झोराने स्वतः वाइन आणली, अंडी सोलून दिली. एल्स्केने आजूबाजूला पाहिले. "काकू, आज काही सण आहे का? किती माणसं!"

"माझ्या नवऱ्याचा दिवस आहे."

"अरे वा!" तिघी उभ्या राहिल्या आणि त्यांनी पेले उंच केले. "त्यांना उदंड आयुष्य!"

गाणे थांबले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याला हसू आवरेना. त्याने ते खोकल्यात घालवले. "आलोय्झला हे आवडलं असतं," तो पुटपुटला, आणि डोळे पुसू लागला.

इथपर्यंत सगळे निभावले असते. पण एल्स्केने मला बाहेर काढून टेबलावर उघडले. "हे बघा ना, तुमचं घर पुस्तकात आलंय!"

झोराने एप्रनला हात पुसले आणि वाकून पाहिले. वरचे अक्षर तिच्या ओळखीचे होते. खाली तिच्या दाराचा नंबर होता. तिने मला मिटले, काखेत धरले आणि ती घरात गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही. फाटकाशी स्टांकोने त्या मुलींना खरे काय ते सांगितले. एल्स्के ट्रामच्या थांब्यापर्यंत रडत गेली, असे मी नंतर ऐकले.

माझी जागा आता पिठाच्या डब्याशेजारी होती. ताप उतरल्यावर नीवेस काळे कपडे घालून वर आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला सगळे ऐकू येत होते.

"मूला, मी आहे."

"दिसतंय. आज उघडं नाही."

"अगं, आलोय्झसाठी आलेय मी. कालपर्यंत अंथरुणातून उठता येत नव्हतं."

"चौकात फांदी दिसली का तुला? नाही ना? मग कशाला आलीस?"

फाटक बंद झाले. नीवेस बराच वेळ तिथेच उभी होती. मुली काही न सांगता निघून गेल्या होत्या, म्हणून तिला काहीच ठाऊक नव्हते. मला सगळे ठाऊक होते, पण वही उघडल्याशिवाय बोलत नाही.

त्या रात्री जेवताना झोरा स्टांकोला म्हणाली, "वसंतात फांदी लावायची नाही. वेली कोणाला हव्या असतील तर देऊन टाक."

"वहिनी, आमच्या आजोबांपासून लागतेय ती फांदी."

"ज्या घराचा नंबर वहीत चढला, त्याला फांदी कशाला?"

स्टांकोने जानेवारीत वेली छाटल्या नाहीत. म्हणजे त्याने रोज उद्यावर ढकलले. छाटल्या नाहीत तर त्या वर्षी द्राक्षे धड येणार नाहीत, आणि छाटल्या तर वहिनी रागावेल, अशा पेचात तो कात्री घासत बसे.

फेब्रुवारीत एल्स्केचे पत्र नीवेसच्या घरी आले. तिने झोराच्या पत्त्यावर लिहायचे धाडस केले नव्हते. पत्र वाचले तशी नीवेस उठली आणि निघाली. त्या दिवशी बोरा सुटला होता. आमचा हा वारा पठारावरून असा उतरतो की माणसे दोराला धरून रस्ता ओलांडतात. ती कुंपण धरत धरत दारापर्यंत आली. अशा वाऱ्यात कोणी कोणाला बाहेर उभे ठेवत नाही. झोराने दार उघडले, पण ‘बस’ म्हटले नाही.

नीवेसने उभ्यानेच पत्र वाचून दाखवले. ‘तुम्ही आम्हाला अंडी सोलून दिलीत,’ एल्स्केने लिहिले होते. ‘मी वर्गात मुलांना सभ्यपणा शिकवते. आता शिकवताना मला तुमचे हात दिसतात.’

झोराने मला फडताळातून काढून टेबलावर ठेवले.

"खालचं अक्षर माझं नाही," नीवेस म्हणाली.

"ते दिसतं मला. वही तुझी आहे."

"हो." नीवेस खुर्चीवर बसली. "आणि मी ते सप्टेंबरातच पाहिलं होतं, मूला. हसले, आणि पान उलटलं."

"हसलीस?"

"हसले. त्यानं पावलंसुद्धा मोजली होती. तेराशे चाळीस."

चुलीवरचे भांडे झोराने उगाच सरकवले. मग म्हणाली, "तेराशे चाळीस? केवढ्या टांगा असतील त्या माणसाच्या. मला सतराशे लागतात."

नीवेसला हसावे की नाही कळेना.

"वर्षातले आठ दिवस हे घर सगळ्यांचं," झोरा म्हणाली. "बाकीचे दिवस ते माझं असतं. त्या दिवशी ते आलोय्झचं होतं. आणि मला तिथे उभं राहून वाइन ओतावी लागली."

"पान फाडते मी. आत्ता फाडते."

"थांब. मागच्या बाजूला काय आहे?"

नीवेसने उलटून पाहिले. "उकडलेल्या मांसाचं दुकान."

"त्या बिचाऱ्यानं काय केलंय?"

मग झोराने वाटीत पीठ आणि पाणी कालवून चुलीवर खळ केली. साखरेच्या पुड्याच्या कागदाचा एक तुकडा कापला आणि लाइटगेबसाहेबांच्या पत्त्यावर, पावलांवर आणि उत्तर दिशेवर चिकटवला. त्यावर तिने शिसपेन्सिलीने आपल्या भाषेत लिहिले आणि नीवेसने शेजारी इटालियनमध्ये उतरवले, ‘फांदी असेल तर या. नसेल तर आम्ही घरी आहोत.’

खिडकीबाहेर अंधार पडेपर्यंत दोघी बसल्या होत्या. नीवेस मला घेऊन निघाली तेव्हा झोरा अंगणात गेली आणि वाऱ्यात ओरडली, "स्टांको! ती कात्री नुसती घासणार आहेस, की चालवणार पण आहेस?"

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात चौकात फांदी लागली. पहिल्या दिवशी सर्वांत आधी नीवेस आली. झोराच्या घराला थांब्याकडून जवळची वाट होती, पण ती चौकातून वळसा घालून आली.

पुढे काय झाले ते सांगते. लाइटगेबसाहेबांनी पुढच्या सप्टेंबरात तो चिकटवलेला कागद वाचला, नीवेसकडून सगळे ऐकले, आणि टोपी हातात घेऊन आलोय्झच्या थडग्यावर जाऊन आले. त्यानंतर ते सप्टेंबर सोडून एप्रिलात येऊ लागले. १९७९ नंतर आले नाहीत. एल्स्के १९७५ साली आईला घेऊन आली, नेमक्या आठ दिवसांत, आणि झोराने तिला ओळखले. पुढे ती एका शाळेची मुख्याध्यापिका झाली. स्टांको वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत वेली छाटत राहिला. झोराने १९८८ पर्यंत फांदी लावली. नीवेसने खोल्या बंद केल्या तेव्हा मला भाचीकडे दिले. नीवेस झोरानंतर दोन वर्षांनी गेली.

मी आता भाचीच्या तळघरात एका खोक्यात आहे. माझी कड ओलीने फुगली आहे. एत्तोरेचे कॉफीघर आता कोणा दुसऱ्याचे आहे, आणि माझ्यातल्या अर्ध्याअधिक जागा आता नाहीत.

मित्रांनो, तुम्हीही आपल्या आवडीच्या जागा एकमेकांना सांगत असाल. जरूर सांगा. पण सांगताना आपण दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो आहोत, हे विसरू नका. ते दार केव्हा बंद असते तेही सांगा. आणि एखाद्या घरात चुकून पाऊल पडलेच, तर बसण्यापूर्वी आतल्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. आमच्यासारख्या जुन्या वह्या तुमच्या घरात असतील, तर त्यांना जमिनीपासून जरा उंच ठेवा. आमच्यात अजून माणसे आहेत.