तीस फुटांचा महिपती

२०१९ साली, महिपतीला जाऊन दहा वर्षं झाली तेव्हा, त्याच्या मुलाला अचानक बापाची आठवण आली. उदयसिंहाला महापालिकेचं तिकीट हवं होतं, आणि सोलापुरात तिकीट मागणाऱ्याला चौकात फ्लेक्स लावावाच लागतो. जिवंतपणी ज्याला चष्मा करून द्यायला सवड झाली नाही, त्या बापाचं पुण्यस्मरण आता तीस फुटांचं होणार होतं.

महिपतीचा फोटो एकच. गिरणीतला, चाळीस कामगारांच्या रांगांमधला. चेहरा तुरीच्या डाळीएवढा. सारजाबाईनं तो लुगड्याच्या घडीत जपला होता. नवऱ्याचे डोळे हल्ली तिला आठवेनासे होत. मग ती फोटो काढून ते पुन्हा बघून घेई.

उदयसिंहानं मोबाइलवर त्या फोटोचा फोटो मारला आणि फाइल हलकी व्हावी म्हणून कुठल्याशा ॲपमधून ती दाबून घेतली. वर, निमंत्रणपत्रिकेवर चिकटवायला म्हणून बापाचं डोकं कात्रीनं कापून शर्टाच्या खिशात टाकलं.

अझरुद्दीनच्या फ्लेक्सच्या दुकानात सारजाबाई हट्टानं सोबत गेली. अझरुद्दीननं पडद्यावर चेहरा मोठा केला. नुसते चौकोन दिसले.

"ह्याला पिक्सेल म्हणतात, मावशी," तो ऐटीत म्हणाला. "एका चौकोनात एकच रंग. मालकांच्या अख्ख्या तोंडाला आडवे वीस चौकोन आलेत. त्यात दादांनी फाइल दाबली. करड्याच्या दोनशे छप्पन छटा असतात, सोळाच उरल्या. गाल, नाक, कपाळ, समदं एकच."

"मग मोठं कर की," उदयसिंह म्हणाला.

"चौकोन मोठे व्हतील. बाप न्हाय."

"त्या खान्यात तीनशे डीपीआय टाक. मला समदं म्हाईत हाय."

त्यानं टाकलं. छपाईच्या बारकाव्याचा आकडा बदलला, चेहरा तसाच.

"मूळ फोटो द्या, स्कॅन करू."

उदयसिंह पंख्याकडे बघू लागला. "शर्टात व्हता. मशिनमधी धुतला गेला."

सारजाबाई दुकानाच्या पायरीवर खाली बसली. तिला पाणीही कुणी विचारलं नाही.

अझरुद्दीनला सगळं कळत होतं, पण कळलं म्हणून गिऱ्हाईक कोण सोडतो? त्यानं नसलेले चौकोन दुसऱ्या एका ॲपकडून भरून घेतले. एक गोरापान, जाड मिशांचा जमीनदार तयार झाला. मागावरचा धोटा उडून तुटलेली महिपतीची डावी भुवईही सांधली गेली.

"बाबाच हायत की," उदयसिंह म्हणाला.

"तुजा बाप आसंल," सारजाबाई म्हणाली. "माजा नवरा न्हाय ह्यो."

पुण्यस्मरणाला तिनं हार घातला नाही, फ्लेक्सकडे पाठ करून बसली. बाकी सगळे वाकले. महिपतीच्या शेजारच्या मागावर जन्म काढलेल्या जोतिरामनं शाल खांद्यावर घेतली आणि माइकवर सांगितलं, "अगदी हुबेहूब."

पुढे निवडणूकच वर्षानुवर्षं लांबली. तिकीट शेवटी भलत्यालाच मिळालं, आणि उदयसिंह आता दुसऱ्या पक्षाचे फ्लेक्स लावतो. जोतिराम ती शाल पांघरूनच वारला. अझरुद्दीननं चिंचोळीच्या रस्त्याला दुसरं दुकान टाकलं. फ्लेक्स मोहोळला कुणाच्या तरी कडब्यावर गेला.

मुलानं कापलेला फोटो सारजाबाईनं तसाच खिळ्याला अडकवला होता. महिपतीच्या जागी भिंतीचा चुना दिसे. ती २०२३ मध्ये गेली. तिचा फ्लेक्स झकास निघाला, नव्या मोबाइलवरचा, सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी असा. शेजारी जन्माचा जोडीदार म्हणून तोच जमीनदार होता.