ऊन दोनपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. 'घर भाड्याने देणे आहे' एवढेच माझ्यावर लिहिलेले होते. एका रंगाऱ्याने ती निळी अक्षरे काढली, तेव्हा हे डोंगरातले शहर लहान होते. फाटकावर मी महिनोन्महिने लटकत राही.

मग शहर वाढले. घरे विकत घेऊन भाड्याने देणाऱ्यांची झुंबड उडाली. "उद्या सांगतो" म्हणणाऱ्याच्या हातून घर गेलेच समजा. अशी दोन घरे हुकल्यावर एक नणंद-भावजय ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी आमच्या फाटकाशी आल्या. घर विकत घेऊन त्याच्या भाड्यावर दोघींना म्हातारपण काढायचे होते. खोल्या उन्हाने उजळल्या होत्या.

"वहिनी, विचार करत बसलो तर हेही जाईल," नणंद म्हणाली. संध्याकाळच्या आत व्यवहार ठरला. डोंगर कोणत्या बाजूला आहे, हे कोणी पाहिले नाही. मला ठाऊक होते, पण पाटीला कोण विचारतो?

हिवाळ्यात दुपारी दोनलाच डोंगराची सावली घरावर पडू लागली. खोल्या गारठत, कपडे वाळेनात. एकामागून एक भाडेकरू गेले आणि मी पुन्हा फाटकावर. "ही पाटीच पांढऱ्या पायाची," नणंद चिडून म्हणाली. पाटीला पाय कुठले? पण मला फार लागले.

पुढच्या उन्हाळ्यात एक नवे जोडपे धापा टाकत आले. "घर विकता का? आजच घेतो!" नणंदेचा चेहरा खुलला. विकले असते तर दोघी सुटल्या असत्या.

"थंडीत दोननंतर इथे ऊन नसतं," भावजय म्हणाली. "आधी ते ऐका."

जोडपे निघून गेले.

"वहिनी, हातचं गिऱ्हाईक घालवलंत! आता खायचं काय?"

"आपण फसलो तेवढं पुरे, ताई." भावजयीने कुंचला आणला आणि माझ्यावर खाली लिहिले, 'थंडीत ऊन दोनपर्यंतच'.

कितीतरी लोक ते वाचून हसत पुढे गेले. नणंद तर माझ्याकडे बघेनाशी झाली. मग एक बेकरीवाला थांबला.

"दोननंतर सावली? अहो, असंच घर शोधतोय मी! रात्रभर भट्टीपुढे भाजून निघतो, दुपारी झोपायला जातो तर ऊन डोळ्यांवर."

तो अजून तिथेच राहतो. मी जिन्याखाली असते. नणंद भाडे घ्यायला आली की माझ्यावरची धूळ पुसून जाते.

मित्रांनो, माझा रंग आता उडत चालला आहे. कोणी मला पुन्हा रंगवलेत, तर वरची ओळ हवी तशी रंगवा. खालची मात्र पुसू नका.