उंबऱ्याबाहेरचा डावा बूट

मी एक जुना डावा बूट आहे. जुना म्हणजे फक्त पुढून. टाच माझी अजून कोरी आहे. असं अर्धंच म्हातारपण कसं आलं, ते ऐका, मित्रांनो.

जपानमधल्या कोबे शहरातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जोडीतल्या उजव्यापेक्षा मी दोन मापांनी मोठा, कारण माझ्या पोटात पाय एकटा येणार नव्हता. त्याला उचलून धरणारी प्लास्टिकची पट्टीही येणार होती. उजवा मला जाड्या म्हणायचा.

माझे मालक सेइगो कुरामोची. चाळीस वर्षं त्यांनी गावभर घराघरांत ततामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, बसवल्या. मग पक्षाघात झाला आणि डावा पाय परका झाला. चवडा उचलेना, गुडघा वाकेना. ते पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणत. चालायला शिकवणाऱ्या हातोरी-सान याला कंपासची चाल म्हणत. तुमच्या कंपासपेटीत असतो तोच कंपास. मालक म्हणाले, "मग मी मध्यबिंदू शोधतोय असं समजा." बाई हसल्या, पण कागदावर कंपासच लिहिलं.

दोन वर्षं मी नाक घासत देवळापर्यंत आणि न्हाव्यापर्यंत अर्धवर्तुळं काढली. लोकांनी मालकांच्या जिद्दीचं कौतुक केलं. बुटाचं कोण करतो!

घर आलं की माझी हद्द उंबऱ्याशी संपे. नुसती पट्टी चटईवर घसरते, म्हणून तीही माझ्याबरोबर उतरे. मग मालक लोंबत्या चवड्यानं, भिंत धरून, रोज सकाळी अकरा पावलं चालत; वारलेल्या वडिलांच्या आठवणीसाठी मांडलेल्या देव्हाऱ्यापुढे घंटा वाजवायला. चटईच्या कापडी काठावर पाय द्यायचा नाही, ही वडिलांची शिकवण. उजवा पाय काठ ओलांडे. डावा त्यावरूनच फरफटत जाई, आणि मालक दर वेळी पुटपुटत माफी मागत.

हातोरी-साननी बजावलं की घरातही बूट घाला, नाहीतर पडाल. मालकांच्या बायकोनं, त्सुनेबाईंनी, मला घासूनपुसून चटईवर ठेवलं.

"अहो, ताटासारखा स्वच्छ केलाय."

"मग त्यात जेव," मालक म्हणाले. "ज्यांच्या घरी मी चटया घातल्या, ते काय म्हणतील?"

"ते बघायला येतात तरी कुठे?"

मालकांनी दाराकडे बोट दाखवलं. मी परत उंबऱ्याबाहेर गेलो, रीतीप्रमाणे नाक दाराकडे करून.

एका सकाळी मी पावलं मोजत होतो. आठव्याला चवडा काठात अडकला. घंटा वाजलीच नाही.

रुग्णवाहिकेतली दोन माणसं घाईघाईनं मला ओलांडून जाड बुटांसकट आत शिरली. खुब्याचं हाड मोडलं होतं. मालक विव्हळले नाहीत. त्यांनी त्या माणसांच्या पायांकडे पाहिलं.

"बूट काढा," ते म्हणाले.

त्यांनी काढले.

आता मालक चाकांच्या खुर्चीत बसून त्याच चटयांवरून फिरतात. चाकं त्सुनेबाई पुसून घेतात, मग ती काठांवरून खुशाल जातात. मालकांची हरकत नसते. चाक म्हणजे काही बूट नव्हे.

मित्रांनो, रीत जरूर पाळा, घर लखलखीत ठेवा. पण घरात कुणाचा चवडा लोंबत असेल, तर त्याच्या बुटाला वेळेवर आत घ्या. चटई पुसता येते.

मी अजून नाक दाराकडे करून बसलोय. टाच कोरी आहे, कुणाला हवी असेल तर.