दोघींतली सोबतीची कोण?

मी सिंथेसायझर बोलतोय. एरवी वाजतो, आज बोलतोय. जुन्या बाजारातून एका नणंद-भावजयीने मला उचलून आणलं, तेव्हा माझी दोन बटणं गायब होती आणि एक पट्टी रुसलेली होती. वहिनीने बटणांच्या जागी बाटलीची झाकणं बसवली, नणंदेने रुसलेल्या पट्टीला गोंजारून बोलतं केलं. ताल वहिनीचा, सूर नणंदेचे आणि भांडण दोघींचं मिळून. नणंद-भावजयीचं इतकं जमतं यावर लोकांचा विश्वास बसत नसे. माझाही बसायला वेळ लागला.

पहिला अल्बम आला तेव्हा एका नावाजलेल्या समीक्षकाने लिहिलं, "दोघींपैकी एक काम करते, दुसरी नुसती सोबतीला असते." कोण, ते लिहिलं नाही. दोघी हसल्या, पण ते हसणं ओठांवरचंच होतं. पुढे एकटी असली की वहिनी तोच ताल पुन्हा पुन्हा घासायची आणि नणंद एकटी असली की एकेका सुरासाठी माझा जीव खायची.

यंदा नणंदेचं बिऱ्हाड दूरच्या गावी हलायचं ठरलं, म्हणून हा निरोपाचा अल्बम. शेवटच्या गाण्यानंतरही रेकॉर्डिंग चालूच राहिलं. नंतर ती कापेल म्हणून हिने सोडलं, ही कापेल म्हणून तिने. अल्बम तसाच बाहेर पडला. गाणं संपतं आणि ऐकू येतं:

"झालं?"

"झालं."

"मग ऊठ ना."

"तू आधी."

परीक्षणं यायला लागली. वहिनी ती बातम्या देतात तशा आवाजात वाचून दाखवायची. एकाने या बोलण्याला निष्काळजीपणा म्हटलं. दुसऱ्याला त्यात विश्वाची पोकळी सापडली. ते ऐकून दोघींची हसून हसून मुरकुंडी वळली. धास्ती होती ती त्या जुन्या समीक्षकाची. त्याचं परीक्षण आलं तेव्हा "आज तू वाच" म्हणून वहिनीने अंग काढून घेतलं.

नणंद वाचू लागली. "शेवटचं बोलणं मी कितीदा तरी ऐकलं. दोघींपैकी कुणालाच उठायचं नाहीये. यांतली एक नुसती सोबतीला आहे असं मी पूर्वी लिहिलं होतं. चुकलो. एकीला काढलं तर काहीच उरत नाही."

तिने परीक्षण बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "वहिनी, इतकी वर्षं मला वाटायचं, ती मीच."

"ती कोण?"

"सोबतीची."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं वेडे, ती तर मी होते ना."

मग दोघी हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. डोळ्यांतलं पाणी माझ्या पट्ट्यांवर पडलं, तरी मी तक्रार केली नाही. मला फार बरं वाटलं.

आता नणंद तिकडे आणि मी वहिनीकडे, अंगावर जुनी चादर घेऊन. धूळ बसते, पण मजेत आहे. तुम्हाला एकच विनवणी. टीका खुशाल करा, बेसूर वाजलो तर मलाही झोडा. पण दोघांनी मिळून केलेल्या कामात एकाला नुसतं सोबतीला बसवू नका. तुम्ही लिहून विसरून जाता आणि इकडे दोघंही त्याच जागेवर बसून राहतात.